सोलापूरचं ऊन, कूलर आणि गादीतले किडे

घरोघरी व्हॅक्यूम क्लीनर विकायला येणारी मंडळी एक वाक्य हमखास ऐकवतात: ‘ताई, दहा वर्षांत गादीचं वजन दुप्पट होतं, आणि वाढलेलं वजन सगळं किड्यांचं!’ ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो आणि हप्ते बांधून यंत्र घरात येतं. हिशेब मात्र कुणी मांडत नाही. हा किडा सुमारे ०.३ मिलिमीटरचा, वजन फार तर १० मायक्रोग्रॅम. दहा किलोची गादी वीस किलोची व्हायला असे शंभर कोटी किडे लागतील. एका गादीत!

किडे मात्र खरे आहेत. डस्ट माइट म्हणतात ते हेच. कोळी आणि गोचीड यांच्या गोतातले, आठ पायांचे, आंधळे. चावत नाहीत. आपल्या अंगावरून रोज गळणारा कातडीचा कोंडा खाऊन गादी, उशी, गोधडीत राहतात. धुळीच्या अ‍ॅलर्जीमागे हे आहेत, हे वूरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा या डच संशोधकांनी १९६४ च्या सुमारास दाखवलं. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या लेंड्यांचा. त्यात पपईतल्या पपेनच्या जातीचं एक विकर (एन्झाइम) असतं. ते श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींना जोडणारे टाके उसवतं आणि आत शिरतं. रस्त्यावरची माती नाकात गेली तर शिंक येते आणि विषय संपतो; इथे प्रतिकारशक्तीच चिडते.

या किड्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तो पाणी पितच नाही. गादीत पाणी येणार कुठून? तो हवेतली वाफ पकडतो. पुढच्या पायांच्या मुळाशी त्याच्या दोन ग्रंथी असतात. त्यांतून सोडियम आणि पोटॅशियम क्लोराइडचा खारट द्राव पाझरतो. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तसा हा द्राव दमट हवेतलं पाणी ओढून घेतो आणि एका बारीक पन्हळीतून थेट तोंडात उतरतो. हवा कोरडी झाली की तेच मीठ सुकून ग्रंथीच्या तोंडाशी खडा धरतं आणि अंगातलं पाणी बाहेर जायची वाट बुजते. पिण्याची सोय आणि बूच, दोन्ही एकाच मिठात.

या व्यवस्थेला एक उंबरठा असतो. आर्द्रता त्याच्याखाली गेली की जितकं पाणी मिळतं त्याहून जास्त उडून जातं, आणि किडा वाळत वाळत मरतो. फॅरिनी नावाच्या जातीत हा उंबरठा २५ अंश तापमानाला सुमारे ५८ टक्के, ३५ अंशांना ६९ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे उकाडा जितका जास्त, तितकी त्याची तहान मोठी. अर्थात बेटा चिवट आहे. दिवसातून दीड-दोन तास दमट हवा मिळाली तरी तग धरतो, आणि याच जातीची एक बाल्यावस्था कोरड्या हवेत हालचाल थांबवून महिनोन्‌महिने पडून राहते.

आता हे सोलापूरला लावून बघा. पर्जन्यछायेतलं गाव, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार, आणि दुपारची हवा अशी की दोरीवरची सोलापुरी चादर तासाभरात कडक वाळते. या हवेत माइटने हाय खावी. पण आपण खिडकीत कूलर बसवतो, दारं लावून घेतो आणि रात्रभर वाळ्यातून पाणी मुरवलेली हवा गादीवर सोडतो. बाहेर वैशाख, आत श्रावण. वर अंगाचा घाम. कूलर बंद करा असं मी म्हणणार नाही, सोलापुरात राहून ते म्हणणं शुद्ध ढोंग होईल. पण समोरची खिडकी उघडी ठेवा. दमट हवेला बाहेर जायला वाट मिळाली की गारवाही जास्त लागतो. टाकीतलं पाणी बदला, बुरशी धरलेला वाळा टाकून द्या. बुरशी ही निराळी अ‍ॅलर्जी.

आणि गच्ची वापरा. भर दुपारी अंथरूण उन्हात टाकायचं, तासा-दोन तासांनी उलटायचं. जाड वाकळेत किडे आतल्या थरात सरकतात, म्हणून एका दुपारीत भागत नाही. मेले तरी लेंड्या तिथेच राहतात, तेव्हा मग बदडायचं, तेही ज्याला दमा नाही त्याने, नाकाला फडकं बांधून. चादरी-अभ्रे ५५ अंशांच्या वर तापलेल्या पाण्यात भिजवले तर किडे मरतात आणि लेंड्याही धुऊन जातात. सोलरचं किंवा बंबाचं पाणी हात घालवत नाही इतकं कढत हवं. जेकार्डच्या रंगीत चादरीचा रंग जाईल, तो जाऊ द्या.

हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचा या कामी फारसा उपयोग नाही. लेंडीचे कण साधारण २० मायक्रॉनचे, जड. झाडताना उडतात आणि अर्ध्या तासात खाली बसतात. यंत्राच्या तोंडापर्यंत जाणार कधी? त्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसणं बरं. गादीला घालायच्या घट्ट विणीच्या खोळींचाही फार गाजावाजा होतो. २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या मोठ्या चाचण्यांत नुसत्या खोळींनी रुग्णांना फरक पडल्याचं दिसलं नाही.

ऊद-धुपाने घर ‘शुद्ध’ करणाऱ्यांना एवढंच सांगतो की धुराने माइट मरत नाही, दमेकऱ्याचा श्वास मात्र अडतो. मृग लागला की दम्यावर उतारा म्हणून जिवंत मासा गिळायला हैदराबादची गाडी पकडणारेही आहेत. तेच लोक पुन्हा इन्हेलरची ‘सवय लागेल’ म्हणून घाबरतात! घर कितीही झाडलं-पुसलं तरी डॉक्टरांनी दिलेला पंप आपल्या मनाने बंद करायचा नाही.

खरी पंचाईत सप्टेंबरात. इथला जोराचा पाऊस तेव्हाचा, गच्चीवर ऊन नाही आणि घरात कूलरशिवायच आर्द्रतेचा तो उंबरठा ओलांडला जातो. पोरांची कापडी अस्वलं, ससे पिशवीत बांधून चोवीस तास डीप फ्रीजरमध्ये ठेवता येतात. थंडीने किडे मरतात, पण लेंड्या तशाच राहतात, म्हणून बाहेर काढल्यावर खेळणी धुवायची आणि पंख्याखाली पूर्ण वाळवूनच पोरांच्या हातात द्यायची.