मायनर कॉर्डवर कोणता माउथ ऑर्गन वाजवायचा?

गाणं सी मायनरमध्ये असलं की सीचा माउथ ऑर्गन काढायचा, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. दहा छिद्रांच्या साध्या डायाटोनिक (एकाच स्केलचे सूर असलेल्या) माउथ ऑर्गनवर ‘सी’ लिहिलेलं असतं, कारण तो फुंकला की सी मेजर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट, वाजते. मेजर आणि मायनर कॉर्डमध्ये फरक एकाच सुराचा, गंधाराचा. मेजरमध्ये तो शुद्ध, मायनरमध्ये कोमल.

आता याच वाद्याची ४, ५, ६ ही छिद्रं श्वास आत ओढून एकत्र वाजवा. डी, एफ, ए. आयती डी मायनर कॉर्ड! डीला षड्ज मानून वाजवणं म्हणजे थर्ड पोझिशन; तिचे सूर काफी थाटाचे. हिशोब सोपा आहे: गाण्याच्या षड्जापेक्षा दोन सेमीटोन (सेमीटोन म्हणजे शेजारच्या दोन सुरांतलं सर्वांत लहान अंतर) खालचं वाद्य घ्यायचं. ए मायनरसाठी जी.

ब्लूज वाजवणाऱ्यांची लाडकी मात्र सेकंड पोझिशन. सीच्या वाद्यावर तिचा षड्ज जी, आणि ओढून वाजणाऱ्या तिसऱ्या छिद्रात शुद्ध गंधार, बी. जी मायनर कॉर्डला हवा बी फ्लॅट, म्हणजे बीच्या एक सेमीटोन खालचा सूर. बी सुमारे ४९४ हर्ट्झचा, बी फ्लॅट ४६६ चा. दोन्ही एकदम वाजले की आवाज सेकंदाला २८ वेळा कमीजास्त होतो आणि कानाला खरखर जाणवते. म्हणून बी वाकवून खाली उतरवायचा, म्हणजे बेंड करायचा.

मला या वाद्यातलं सगळ्यात सुंदर भौतिकशास्त्र इथेच दिसतं. प्रत्येक छिद्राला दोन रीड, म्हणजे कंप पावणाऱ्या पातळ पट्ट्या, असतात. तिसऱ्यात फुंकण्याची जी आणि ओढण्याची बी. हवा आत ओढली की बीची रीड आपल्या खाचेकडे खेचली जाते, खाच बंद करू पाहते. जीची रीड उलट खाचेपासून दूर जाते. बंद होणारी रीड स्वतःच्या नैसर्गिक कंपनसंख्येच्या जरा खाली वाजते, उघडणारी वर. जीभ मागे घेऊन मुखपोकळी मोठी केली की तिचा अनुनाद खाली उतरतो, बीचं कंपन मंदावतं आणि एरवी फुंकल्यावरच वाजणारी जीची रीड ओढतानाही बोलू लागते. १९९८ मध्ये बॅनसन, अँटाकी आणि बीरी यांनी दोन्ही रीडमधली ही देवाणघेवाण प्रयोगांतून मांडली. त्यामुळे बेंडला दोन्ही रीडची हद्द असते. तिसऱ्या छिद्रात बी फ्लॅट, ए, ए फ्लॅट असे तीन सूर मिळतात. पाचव्यात ई आणि एफ शेजारी-शेजारी, तिथे मधला सूरच नाही.

  

फोर्थ पोझिशनमध्ये सीच्या वाद्यावर ए मायनर वाजतं, आसावरी थाटाच्या सुरांत. अडचण एकच: खालचा ए तिसऱ्या छिद्रातून दोन सेमीटोन वाकवूनच काढावा लागतो, आणि तो सुरात लागायला रियाज हवा.

थर्ड की फोर्थ, हे धैवत ठरवतो: थर्डमध्ये तो शुद्ध, फोर्थमध्ये कोमल. डी मायनरचं गाणं पुढे जी मेजरवर जात असेल तर सीचं वाद्य, थर्ड पोझिशन. जी मायनरवर जात असेल तर त्या कॉर्डमधला बी फ्लॅट तुमच्या शुद्ध बीशी भांडेल. तिथे एफचं वाद्य घेऊन फोर्थ पोझिशनमध्ये वाजवा.