क्रेन व बांधकाम कामगारांचे सुरक्षा प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र

बांधकामावरील मजूर, क्रेनचालक आणि ओझे बांधणारा रिगर यांना कामातले धोके ओळखायला शिकवणे व ते शिकले आहेत की नाही हे तपासून तसा दाखला देणे, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे. भारतात तिला कायद्याचा आधार मिळाला तो इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ मुळे. त्याखाली केंद्राचे नियम १९९८ मध्ये आणि महाराष्ट्राचे २००७ मध्ये आले. आता हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये सामावला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आहे. जुन्या कायद्यात ५०० कामगार असलेल्या ठिकाणी सुरक्षा अधिकारी बंधनकारक होता. संहितेने ही मर्यादा २५० वर आणली. तरीही गल्लीतली सात मजली इमारत या आकड्याच्या बाहेरच राहते, कारण तिथे एका वेळी तीस-चाळीस माणसेच कामावर असतात.

क्रेनच्या बाबतीत तीन वेगवेगळे कागद लागतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पहिला आरटीओचा वाहन परवाना. चालक गाडी रस्त्यावरून नेऊ शकतो, एवढेच तो सांगतो. दुसरा यंत्राच्या तपासणीचा दाखला. आता याच संहितेत सामावलेल्या कारखाना अधिनियमाच्या कलम २९ नुसार उचल यंत्राची सक्षम व्यक्तीकडून १२ महिन्यांतून किमान एकदा कसून तपासणी व्हावी लागत असे. बांधकामावरही अशीच तपासणी सक्तीची आहे. साइटवर या कागदाला सगळे ‘टीपीआय’ (थर्ड पार्टी इन्स्पेक्शन, म्हणजे त्रयस्थाची तपासणी) म्हणतात. तिसरा कागद माणसाच्या कौशल्याचा, आणि सर्वांत कच्चा तोच. चालक अठरा वर्षांवरील, प्रशिक्षित आणि वैद्यकीयदृष्ट्या योग्य असावा, असे नियम सांगतात. पण देशभर चालेल असा क्रेनचालकाचा एकच सरकारी परवाना भारतात नाही. टॉवर क्रेन तर रस्त्यावर येतच नाही, त्यामुळे तिच्या चालकाला पहिल्या कागदाचीही गरज पडत नाही. ही पोकळी कौशल्य परिषदांची प्रमाणपत्रे, क्रेन बनवणाऱ्या कंपन्यांचे वर्ग आणि ठेकेदाराने साइटवर घेतलेली चाचणी यांनी जमेल तशी भरली जाते. हेल्पर म्हणून चढून, उस्तादाच्या शेजारी बसून शिकलेल्यांसाठी ‘पूर्वकौशल्य मान्यता’ हा मार्ग आहे: छोटा उजळणी वर्ग, मग परीक्षा आणि दाखला.

प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे लोड चार्ट, अर्थात क्रेन कोणत्या स्थितीत किती ओझे उचलू शकते याचा तक्ता. ‘१४ टनांचा हायड्रा’ (ओझे लटकवून चालणारी चाकांची क्रेन) १४ टन उचलतो तो बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, आखूड आणि ओझे अगदी जवळ असताना. बूम लांबवला, त्रिज्या म्हणजे क्रेनपासून ओझ्याचे अंतर वाढले, की क्षमता झपाट्याने घसरते. स्लिंगच्या, म्हणजे ओझे हुकाला अडकवणाऱ्या दोराच्या, कोनाचेही तसेच. दोन पायांची वायर स्लिंग आडव्या रेषेशी ६० अंशांत असेल, तर प्रत्येक पायावर ओझ्याच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो. कोन ३० अंशांवर आला, की प्रत्येक पाय जणू संपूर्ण ओझे एकट्याने पेलत असतो. हे गणित फळ्यावर समजणे वेगळे आणि संध्याकाळी सहाला, शेवटची उचल उरकायची घाई असताना आठवणे वेगळे. म्हणून चांगल्या वर्गात निम्म्याहून अधिक वेळ प्रत्यक्ष यंत्रावर जातो: आउटरिगरखाली (क्रेनच्या आधाराच्या पायांखाली) जमीन कशी आहे, शॅकलची (स्लिंग जोडणाऱ्या कडीची) पिन पूर्ण बसली का, वायरचे किती तार तुटलेत, वरून वीजवाहिनी जाते का. हायड्रा ओझे लटकवून चालतो आणि हेल्पर ते हाताने धरून शेजारून चालतो; अनेक मोठ्या प्रकल्पांवर या यंत्राला मज्जाव असतो तो यासाठीच.

चालकाइतकाच महत्त्वाचा, पण प्रशिक्षणात कायम मागे राहणारा माणूस म्हणजे चालकाला खालून इशारे देणारा सिग्नलमन. हातांच्या खुणा ठरलेल्या आहेत: बोट वर करून गोल फिरवले की उचल, खाली करून फिरवले की सोड. इशारे एकानेच द्यायचे. ‘थांब’ मात्र कोणीही म्हणू शकतो आणि चालकाने ते ऐकलेच पाहिजे. मुंबईच्या गोदीतल्या खलाशांची जुनी बोली आजही साइटवर ऐकू येते: ‘हाबेस’ म्हणजे वर घे, ‘आर्या’ म्हणजे खाली सोड. दुसऱ्या शब्दाचे नाते पोर्तुगीजांच्या ‘आरिआर’ या क्रियापदाशी सांगतात. पाठ्यक्रमांना या बोलीचे वावडे असते. वास्तविक बिहार, झारखंड, बंगाल आणि मराठवाड्यातून आलेल्या माणसांच्या टोळीत सर्वांना समजणारे शब्द हेच असतात.

सामान्य मजुराच्या वाट्याला येते ते इंडक्शन, म्हणजे गेटपासाआधीचा तासा-दोन तासांचा वर्ग, आणि रोज सकाळची ‘टूलबॉक्स टॉक’, म्हणजे कामाआधीची सुरक्षेवरची छोटी चर्चा. उंचीवरच्या कामासाठी सेफ्टी बेल्ट लावून चढण्याची वेगळी चाचणी असते. चित्रफीत हिंदीत, सूचनाफलक इंग्रजीत आणि हजेरीवहीत अंगठा, असे दृश्य दुर्मीळ नाही. अशा वर्गातून रजिस्टर तेवढे भरते.

या क्षेत्रातल्या दोन प्रमुख संस्था मुंबई परिसरात आहेत. शीव येथे केंद्रीय श्रम संस्था असून सुरक्षा अधिकाऱ्यांसाठीची पदविका तिथे शिकवली जाते. ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय बेलापूरला आहे. तिच्या स्थापनेचा दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळतात. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर (पुलाच्या अवजड तुळया) बसवणारे यंत्र कोसळून २० जणांचा मृत्यू झाला, तेव्हा गर्डर लाँचरसारख्या अवजड उचल यंत्रांवरील सुरक्षेचा प्रश्न महाराष्ट्रात पहिल्या पानावर आला.

अमेरिकेत क्रेनचालकाला प्रमाणपत्र सक्तीचे करणारा नियम २०१० मध्ये आला, पण मुदत वाढत वाढत ती अट लागू व्हायला २०१८ उजाडले. तिथेही दाखला पुरेसा मानत नाहीत. चालक ज्या क्रेनवर जे काम करणार, त्यासाठी मालकाने त्याला स्वतः पारखून घ्यावे लागते.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे ओळखपत्र मात्र या दाखल्यांत धरू नये. वय १८ ते ६० आणि मागील वर्षात ९० दिवस काम, एवढ्यावर ते मिळते. त्यातून योजनांचा लाभ मिळतो, कौशल्य सिद्ध होत नाही.