उंची इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटार (मुंबई)

उंची इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटार : संपूर्ण अस्सल लाकडाची, स्वतःच्या पोकळ लाकडी पेटीच्या नादावर वाजणारी आणि शिवाय आत पिकअप (तारांची थरथर विजेत उतरवणारा) व प्रीअँप (ती वीज वाढवणारा) बसवलेली सहा तारांची गिटार. केबल जोडली की तिचा आवाज थेट मिक्सरवर जातो. केबल काढली की ती साधी लाकडी गिटार. मुंबईच्या दुकानांत आणि ऑर्केस्ट्रावाल्यांत तिला सर्रास ‘सेमी-अकूस्टिक’ म्हणतात. पिकअप आता दहा हजारांच्या गिटारलाही असतो. ही नोंद आहे ती मार्टिन, टेलर, गिब्सन, ताकामिने अशा कारखान्यांच्या वरच्या श्रेणीतल्या वाद्यांची. मुंबईत त्यांची किंमत साधारण दीड-दोन लाखांपासून सुरू होते आणि चार लाखांच्या पुढेही सहज जाते.

एवढे पैसे घालणारा बहुतेक वेळा लाकडासाठी घालतो, आणि ते योग्यच आहे. पण मुंबईत ही गिटार श्रोत्यांपर्यंत पोहोचते ती जवळजवळ नेहमी स्पीकरमधून. तिचा नुसत्या लाकडाचा आवाज घरच्यांनी आणि फार तर शेजाऱ्यांनी ऐकलेला असतो; नाट्यगृहात, मंडळाच्या मांडवात, खार-वांद्र्याच्या कॅफेत ऐकू येतो तो तिचा पिकअप. म्हणून लाकूड आणि वीज ही इथे दोन वेगळी वाद्ये धरावीत, आणि दोन्हींची पारख व निगा वेगवेगळी करावी.

लाकूड

वरची फळी, म्हणजे टॉप, बहुधा सिटका स्प्रूसची असते. हे झाड अलास्का आणि ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरचे. फळीची जाडी अवघी अडीच-तीन मिलिमीटर, आणि तिच्यावर सहा तारांचा मिळून ७० ते ७५ किलोंचा ताण. फळी फाटू नये आणि तरीही मोकळेपणी थरथरावी यासाठी आतून पट्ट्या चिकटवतात. या पट्ट्यांची फुलीसारखी मांडणी मार्टिन कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रुळवली. सी. एफ. मार्टिन यांनी १८३३ मध्ये न्यूयॉर्कला दुकान काढले आणि नंतर बिऱ्हाड पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला हलवले. कंपनी आजही तिथेच आहे. टेलर कंपनी १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली, आणि २०१८ पासून तिने आपल्या वरच्या श्रेणीत फुलीऐवजी इंग्रजी व्ही अक्षरासारखी मांडणी आणली.

मागची फळी आणि बाजू यांची गोष्ट मात्र आपल्या घरातली आहे. मार्टिन पूर्वी ब्राझीलचे रोझवूड वापरत असे. ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर १९६९ पासून त्यांनी भारतीय रोझवूड घेतले, म्हणजे आपला शिसव. गिरगाव-दादरच्या जुन्या घरांत ज्या शिसवी लाकडाचे पलंग आणि कपाटे पिढ्यान् पिढ्या नांदली, त्याच झाडाचे कर्नाटक-केरळच्या डोंगरपट्ट्यातले लाकूड मार्टिनच्या डी-२८ला आणि टेलरच्या ८१४सीईला लागते. ते कापून अमेरिकेला जाते आणि गिटार होऊन, सीमाशुल्क व जीएसटी भरून, मुंबईच्या दुकानात परत येते. त्यामुळे ‘विलायती लाकूड’ म्हणून कौतुकाने हात फिरवणाऱ्याला हे आवर्जून सांगावेसे वाटते. २०१७ च्या जानेवारीत शिसव आणि त्याच्या डालबर्जिया वंशातल्या सगळ्या झाडांवर सायटिस कराराचे (धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) निर्बंध आले आणि तयार वाद्य सरहद्दीपार नेण्या-आणण्याचे व्यवहार कागदपत्रांत अडकले. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या रोझवूडवरची १९९२ ची बंदी मात्र कायम आहे, म्हणून जुनी गिटार परदेशातून आणणाऱ्याने मागची फळी नेमकी कशाची आहे हे आधी तपासावे.

वीज

अकूस्टिक गिटारमध्ये पिकअप बसवण्याची खटपट जुनी आहे; गिब्सनची जे-१६०ई १९५४ मध्ये आली, पण तिच्यात इलेक्ट्रिक गिटारसारखा चुंबकी पिकअप होता. आजच्या बहुतेक गिटारींत पिएझो असतो. काही स्फटिकांवर दाब पडला की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. त्याच तत्त्वावरची बारीक पट्टी, तारा जिथे फळीला अडकतात त्या ब्रिजवरच्या, तारांना टेकू देणाऱ्या सॅडलखाली बसवतात, आणि तारेची थरथर दाबाच्या रूपाने विजेत उतरते. १९६६ मध्ये निघालेल्या ओव्हेशनने आणि पुढे जपानच्या ताकामिनेने ही पद्धत मंचावर रूढ केली.

पिएझोचा दोष कानाला लगेच कळतो. जोरात स्ट्रमिंग केले की आवाजाला एक कोरडी, प्लॅस्टिकची टकटक येते. कारण पट्टीला फक्त सॅडलवरचा दाब समजतो. फळीचा श्वास, पेटीतली हवा, बोटांचा स्पर्श यातले तिला थोडेच पोहोचते. चांगल्या कारखान्यांची अर्धी बुद्धी हा दोष घालवण्यात खर्च होते. टेलरने २०१४ मध्ये पिएझो सॅडलखाली न ठेवता सॅडलच्या मागे बसवला. कोणी आत छोटा माइक जोडतात, कोणी फळीला आतून चिकटणारे पिकअप लावतात. यांतले कोणते बरे, यावर वादकांत एकमत होणार नाही. मात्र पिकअप बरा की वाईट हे हेडफोनवर ठरत नाही, मोठ्या स्पीकरवर ठरते.

प्रीअँप बहुधा नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. बहुतेक गिटारींत केबल खुपसली की तो सुरू होतो आणि काढली की बंद. म्हणजे कार्यक्रमानंतर केबल तशीच राहिली तर बॅटरी फुकट झिजत राहते. आणखी एक बारीक गोष्ट: खालच्या जॅकची चाकी वापराने सैल होते आणि केबलबरोबर जॅकही गरगर फिरू लागतो. आतली तार तुटण्याआधी जॅक आतून धरून चाकी आवळावी लागते. लाखांची गिटार ऐन कार्यक्रमात मुकी होते ती बहुधा या चाकीपायी किंवा बॅटरीपायी.

खरेदी

मुंबईत गिटारचा जुना बाजार धोबीतलावला. १८६५ पासूनचे फुर्टाडोज तिथलेच, जेर महालच्या परिसरातले. त्याच जेर महालात गोव्याच्या गावांचे कूड (गावकऱ्यांची सामाईक वसतिगृहे) होते, आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे कितीतरी गोंयकार या भागात वावरले. पेटी-तबला घ्यायला दादरला जाणारा माणूस गिटारसाठी मरीन लाइन्सला उतरायचा. आज उपनगरांत मोठी दुकाने आहेत, ऑनलाइनही मिळते. तरीही इतक्या किमतीचे वाद्य हातात न घेता मागवू नये, कारण एकाच मॉडेलच्या दोन गिटारी सारख्या वाजत नाहीत.

दुकानात पहिली नजर आवाजाच्या भोकाच्या कडेवर टाकावी. टॉपवरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून आत सरळ उतरल्या तर फळी अस्सल. कडेला थर दिसले तर प्लाय. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) सावकाश वाजवून कुठे करकर होते का ते ऐकावे. बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास असली की हात दुखत नाही. कारखान्यातून आलेला सेटअप (तारांची उंची वगैरेची जुळणी) इथल्या हवेत टिकत नाही, म्हणून घेतानाच दुकानाकडून नवा सेटअप करून मागावा.

एवढे सगळे नीट करणारे लोकही एक गोष्ट टाळतात: केबल जोडून ऐकणे. ती दुकानातल्या गिटारच्या छोट्या अँपवरही जोडू नये. त्यात पिकअपचा खरा रंग कळत नाही. दुकानाच्या पीए (कार्यक्रमात लावतात तशा मोठ्या) स्पीकरवर, मिक्सरचे सगळे ट्रेबल-बास मध्यावर ठेवून, आपण जसे वाजवतो तसेच वाजवावे. लाकडात दोन गिटारी तोडीस तोड वाटल्या आणि स्पीकरवर एक उजवी ठरली, तर मुंबईच्या वादकाने तीच घ्यावी.

हवा

गिटारचे कारखाने ४५ ते ५५ टक्के आर्द्रता धरून वाद्य घडवतात. मुंबईच्या पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर आठवडेच्या आठवडे टिकते. पन्नास टक्क्यांच्या हवेत लाकडात सुमारे नऊ टक्के पाणी असते. ८० टक्क्यांच्या हवेत ते १६ टक्क्यांपर्यंत चढते. प्लायच्या स्वस्त गिटारला याचे फारसे काही नाही. अस्सल लाकडाची महागडी गिटार मात्र फुगते: ब्रिजच्या मागे फळीला पोट येते, तारा फ्रेटांपासून वर उचलल्या जातात, आवाज दबतो. पहिली खूण तारांच्या सुरात मिळते. काल लावून ठेवलेली गिटार आज सगळ्या तारांत थोडी चढलेली निघाली, तर फळी ओल प्यायली असे समजावे.

उपाय अवघड नाहीत, पण चुकवून चालत नाहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून गिटार भिंतीवरून उतरवून हार्ड केसमध्ये ठेवावी आणि केसमध्ये आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर ठेवावा. ओल शोषून परत सोडणारी दुहेरी पाकिटे मिळतात, पण आपल्या जुलैपुढे ती लवकरच थकतात. त्यापेक्षा सिलिका जेलची जाड पिशवी बरी. दाण्यांचा रंग बदलला की तापवून ती पुन्हा वापरता येते. खोलीत डीह्युमिडिफायर असेल तर उत्तमच. एसी चालतो, मात्र एसीतून काढलेली थंड गिटार लगेच दमट हवेत उघडली की तारांवर आणि पॉलिशवर दव धरते, म्हणून बाहेर नेल्यावर केस अर्धा तास बंदच ठेवावी. पावसाळ्यात ट्रस रॉड (दांड्यातली धातूची कांब) फिरवून अ‍ॅक्शन (तारांची उंची) खाली आणण्याचा मोह होतो. तो आवरावा, आधी लाकूड वाळवावे, मग काय उरते ते पाहावे. जानेवारीत पूर्वेकडून कोरडा वारा सुटला की एखाद्या दुपारी आर्द्रता ४० च्याही खाली येते आणि फ्रेटांची टोके नेकच्या (दांड्याच्या) कडेला बोचू लागतात. तेवढे आठ-दहा दिवस जेलची पिशवी काढून ठेवावी.

समुद्राची खारी हवा आणि घाम मिळून तारांचा जीव घेतात. साध्या फॉस्फर ब्राँझ तारा इथे फार लवकर काळ्या पडतात, म्हणून पातळ आवरणाच्या तारा महाग असूनही शेवटी परवडतात. वाजवून झाल्यावर सुती कापडाने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसावी. नायट्रो (नायट्रोसेल्युलोज लॅकर) पॉलिशच्या गिटारला रबरी गादीच्या स्टँडवर ठेवू नये. रबराचा डाग पॉलिशमध्ये उतरतो आणि मग निघत नाही. उन्हात उभ्या गाडीत ती कधीच सोडू नये: उष्णतेने डिंक ढिला होऊन ब्रिज उचलला जातो. कंपनीची वॉरंटी असले नुकसान धरत नाही.

मंचावर

मराठी कार्यक्रमांत या गिटारचे काम बहुतांशी साथीचे. भावगीतांची मैफल, दिवाळी पहाट, गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा, काव्यवाचनामागचे हलके पिकिंग. गायक सूर सांगतो तो हार्मोनियमच्या पट्ट्यांच्या भाषेत: काळी एक, पांढरी चार, काळी चार. वादक मनात हिशेब करून केपो (एका फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावतो. काळी एक असेल तर पहिल्या फ्रेटवर केपो लावून सी पट्टीच्या कॉर्डचे आकार; काळी चार तर पहिल्यावरच केपो आणि जीचे आकार; काळी पाच तर तिसऱ्यावर केपो आणि पुन्हा जी. उंची गिटारचे पैसे इथे वसूल होतात. स्वस्त गिटारवर केपो लावला की सूर इकडेतिकडे सरकतात आणि हार्मोनियमशी भांडू लागतात. चांगल्या गिटारवर फ्रेट सपाट आणि सॅडल नीट कोरलेला असल्याने ती जागेवर राहते.

काळी चारचे आणखी एक दुखणे आहे. ड्रेडनॉट घाटाच्या मोठ्या गिटारपेटीतल्या हवेचा स्वतःचा कंप १०० हर्ट्झच्या आसपास असतो. जाड तारेवर चौथ्या फ्रेटचा सूर, म्हणजे मंद्रातली काळी चार, १०४ हर्ट्झला वाजतो. त्यामुळे त्या पट्टीचे गाणे आले की षड्जाच्या प्रत्येक ठोक्याला पेटी घुमते, मॉनिटरचा (वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरचा) आवाज परत पेटीत शिरतो आणि फीडबॅकची शिटी नाही तर जाड हुंकार सुरू होतो. साउंडवाला घाईत गिटारचा सगळा बास कापतो आणि वाद्य पातळ होऊन जाते. त्याऐवजी प्रीअँपचा नॉच फिल्टर, असला तर, १०० च्या जवळ फिरवत तेवढीच वारंवारता खाली घ्यावी, फेजचे बटण उलटे करून पाहावे, किंवा भोकावर रबरी झाकण बसवावे. साउंडचेकला नेमकी हीच पट्टी वाजवून घेतली की कार्यक्रमात पंचाईत होत नाही.

गिटार आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) हवा. लांब केबलने थेट जोडले की आवाजात घरघर शिरू शकते. नाट्यगृहात तो असेलच असे धरू नये, स्वतःचा न्यावा. ध्वनिमुद्रणात मात्र पिकअपला दुय्यम स्थान. अंधेरीच्या स्टुडिओत गिटारसमोर माइक लावतात आणि केबलची ओळ फार तर जोडीला ठेवतात, म्हणून लाकडाचे खरे चीज तिथे होते. घरीही होते. उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद होतात, आणि त्यानंतर बिल्डिंगमध्ये विनाकेबल गिटार कुणाच्या अध्यातमध्यात येत नाही.

ने-आण ही मुंबईची वेगळी परीक्षा. हार्ड केससह वजन सहा-सात किलो होते, आणि गर्दीच्या वेळी लोकलच्या साध्या डब्यात ते घेऊन चढणे वाद्याला आणि माणसांनाही त्रासाचे. सामानाचा डबा बरा.

जुनी गिटार

मार्टिन आणि टेलरच्या जुन्या गिटारींना मुंबईत चांगली मागणी असते. बिल, मूळ केस आणि सिरियल नंबर असेल तर भाव अधिक येतो. वॉरंटी मात्र बहुधा पहिल्या मालकापुरतीच. जुनी घेताना सॅडल ब्रिजच्या वर किती उरला आहे ते पाहावे. तो घासून घासून जवळजवळ ब्रिजला टेकला असेल आणि तरीही तारा उंच असतील, तर नेक बसवण्याचा कोन बदलावा लागणार. हे काम मोठे आणि खर्चाचे असते. तो खर्च ठरल्या किमतीतून आधीच वजा करून मागावा.