रस्सा तोच, मग चुकतंय कुठं?

भाचा जर्मनीत, श्टुटगार्टला नोकरीला गेला. पहिले सहा महिने फोनवर फक्त बर्फाचं आणि वेळेवर येणाऱ्या ट्रामचं कौतुक. सातव्या महिन्यात एका रविवारी व्हिडिओ कॉल आला, तेव्हा शेगडीवर पातेलं होतं आणि त्याचं तोंड उतरलेलं.

"मामा, खोबरं भाजलं, कांदा करपवला, इथल्या दुकानातलं लाल तिखट तीन चमचे घातलं. रंग आला, तिखट पण झालंय. पण तांबडा रस्सा काही लागंना बघ."

"आईनं दिलेली चटणी?"

"ती संपून महिना झाला की."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कोल्हापुरात भाजीत 'चटणी' घालतात. म्हणजे कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळतात, देठ खुडताना घरभर ठसका उठतो आणि मग भाजलेला ऐवज डब्यांत भरून डंकावर कुटायला जातो. वर्षभराची बेगमी. हिंगाचे खडे घालून बरणीत दाबून भरलेली ही चटणी परदेशी निघालेल्या प्रत्येक पोराच्या बॅगेत असते, तीन पिशव्यांत गुंडाळून. तरी कपड्यांना वास लागतोच.

आता भाच्याचा प्रश्न. तिखट झालंय, मग रस्सा 'लागत' का नाही? कारण तिखट ही मुळात चवच नाही. मिरचीतला कॅप्सेसिन हा पदार्थ आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवरच्या एका प्रथिनाला चिकटतो. हे प्रथिन खरं तर साधारण 43 अंशांच्या वरची उष्णता ओळखण्यासाठी आहे. कॅप्सेसिन त्याला फसवतो आणि मेंदूला वाटतं, तोंड भाजलं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं 1997 साली हे प्रथिन शोधलं आणि 2021 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता तो याच कामासाठी. थोडक्यात, तोंड पोळायला मिरची कुठल्या देशाची आहे हे बघावं लागत नाही. मेक्सिकोची असो की संकेश्वरची, आग तीच. (मिरची आपल्याकडे आली तीच मुळी अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या जहाजांवरून. पण हे कोल्हापुरात मोठ्यानं बोलू नये.)

चुकतोय तो वास. पटत नसेल तर गुळाचा खडा घ्या, नाक चिमटीत घट्ट धरा आणि खडा चघळा. नुसतं गोड लागेल, साखर आहे का गूळ ते सांगता येणार नाही. आता नाक सोडा. एका श्वासात गुऱ्हाळ तोंडात येतं. चघळताना सुटलेली वाफ घशामागून वर नाकात चढते आणि आपण जिला 'चव' म्हणतो तिच्यातला मोठा हिस्सा तिथं ठरतो. जिभेकडे गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी (मटणाच्या रश्शातली ती भरीव चव) एवढाच कारभार.

चटणीतला वास तर फार नाजूक. लसूण ठेचला की त्याच्या फुटलेल्या पेशींत एक विकर (एन्झाइम) आणि एक गंधकयुक्त पदार्थ एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. अख्ख्या पाकळीला तो वास नसतो. खोबरं, तीळ, धणे भाजताना साखर आणि अमिनो आम्लं यांच्यात ती प्रसिद्ध क्रिया घडते, जिचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी 1912 मध्ये केलं. भाकरीवरचे डागही त्याच क्रियेचे. यातून तयार होणारे कितीतरी पदार्थ उडून जाणारे असतात. मसाला कुटला की त्याचं हवेला उघडं पडणारं क्षेत्रफळ कितीतरी पटींनी वाढतं, म्हणजे वास सुटतोही झपाट्यानं आणि संपतोही. वेगात फिरणाऱ्या यंत्रात मसाला तापतो आणि वास दळतानाच उडायला लागतो; म्हणून काही कारखाने द्रवरूप नायट्रोजनच्या थंडाव्यात मसाले दळतात. डंकावरची चटणी चांगली, असं आमची आई म्हणायची तेव्हा आम्ही तिला हसायचो.

मग तिथंच ताजे मसाले आणून कुटले तर? भाच्यानं पुढच्या महिन्यात तेही केलं. धुराचा अलार्म वाजला, शेजारची बाई खोकत दारात आली आणि रस्सा, त्याच्याच शब्दांत, "बारा आणे" झाला. उरलेले चार आणे रसायनशास्त्रात सापडणार नाहीत.

माणसाच्या नाकात वास पकडणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी 1991 मध्ये त्यांची जनुकं शोधली, 2004 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दिसलेलं, ऐकलेलं मेंदूत शिरताना आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबतं. वासाला हा नाका लागत नाही. तो थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांच्या दारात जातो. 2006 साली स्वीडनमध्ये वयस्क माणसांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की शब्द किंवा चित्रं दाखवली तर तरुणपणातलं आठवतं, पण वासानं जाग्या झालेल्या आठवणी बहुतेक वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात. आणि सुरुवात त्याही आधी होते. फिलाडेल्फियातल्या जूली मेनेला यांनी 2001 मध्ये दाखवलं की गरोदरपणात गाजराचा रस पिणाऱ्या आयांच्या बाळांना पुढं गाजराच्या चवीचा खाऊ जास्त आवडला. आमच्या ताईनं त्या नऊ महिन्यांत किती मिसळ खाल्ली, ते मी जवळून पाहिलंय.

दुधाचीही हीच रड. संध्याकाळी कोल्हापूरच्या गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस उभी असते, समोर धार काढतात आणि फेसाचा पेला हातात येतो. (डॉक्टर कच्च्या दुधाला नको म्हणतात आणि ते बरोबरच आहे, ब्रुसेलोसिससारखे आजार त्यातून येऊ शकतात.) या दुधात सात टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश, गाईच्या दुधाच्या जवळपास दुप्पट. भाच्याकडचं खोक्यातलं दूध काही सेकंद 135 अंशांच्या वर तापवलेलं, त्यामुळे त्याला एक शिजका वास येतो. शिवाय त्यातले स्निग्ध कण दाबानं फोडून एक मायक्रॉनपेक्षा लहान केलेले. इतके बारीक कण वर तरंगत नाहीत. "मामा, साय धरतच नाही," हे तो एखादी दुःखद बातमी दिल्यासारखं सांगतो.

शरीराला काहीतरी कमी पडतंय म्हणून ते मागतं, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. संशोधक मार्शिया पेल्चाट यांनी लोकांना पोषणात काहीच उणं नसलेलं, पण रोज तेच ते पेय देऊन पाहिलं. तरुण मंडळींना इतर पदार्थांची तलफ वाढली. पोट भरलेलं होतं, पोषण पुरं होतं, कंटाळा तेवढा आला होता. 1688 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं परमुलखात झुरणाऱ्यांच्या दुखण्याला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिलं, आणि तेव्हा ते चक्क आजारांत मोजलं जायचं. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मग सुट्टी मिळंल काय त्यावर?"

दिवाळीला तो आला. दारात बॅग टेकवली आणि उंबऱ्यावरच थांबला. डोळे मिटून दोन-तीनदा श्वास ओढला. "काय वास सुटलाय चटणीचा!"

मी हुंगून पाहिलं. ताईनंही पाहिलं. एकाच वासात सतत राहिलं की नाक आणि मेंदू दोघंही त्याची दखल घेणं सोडून देतात. आम्हाला काहीच वास येत नव्हता.