घरगुती ध्वनिफितींचे डिजिटल रूपांतर : कलावंतांच्या कुटुंबीयांसाठी माहिती

नामवंत गायक-वादकांच्या घरच्या स्पूल (उघड्या चकतीवर गुंडाळलेल्या फिती) आणि कॅसेटी डिजिटल रूपांतरासाठी आमच्याकडे येतात, तेव्हा कुटुंबीयांची पहिली सूचना बहुधा एकच असते : मधले बोलणे काढा, फक्त संगीत ठेवा. ही सूचना आम्ही पहिल्या टप्प्यावर स्वीकारत नाही. रियाज थांबवून मुलाच्या प्रश्नाला दिलेले उत्तर किंवा चुकलेली जागा पुन्हा घेताना स्वतःशीच पुटपुटलेला शब्द मैफलीच्या ध्वनिमुद्रणात सापडत नाही. घरच्या फितीचे मोल त्यातच असते. अमेरिकी जॅझ वादक-गायक लुई आर्मस्ट्राँग यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या शेकडो स्पूलमध्ये संगीताबरोबरच पत्नी ल्यूसिल आणि मित्रमंडळींशी झालेल्या गप्पा आहेत, आणि कित्येक स्पूलच्या खोक्यांवर त्यांनी स्वतः कात्रणे चिकटवून चित्रे केली आहेत. न्यूयॉर्कमधील त्यांच्या घराचे आज संग्रहालय झाले असून ती खोकीही फितींइतक्याच काळजीने जपली जातात. तेव्हा कॅसेटच्या डबीतला हस्ताक्षरातला कागद, तो कितीही फाटका असला तरी, फितीबरोबरच आणावा.

फीत आणण्यापूर्वी 'चालते का ते पाहू' म्हणून ती जुन्या यंत्रावर कृपया लावू नये. काही फितींचा, विशेषतः १९७० आणि १९८० च्या दशकांतील काही स्पूलचा, चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ दमट हवेतील ओलावा शोषून घेतो. अशी फीत यंत्राच्या हेडवर (आवाज वाचणाऱ्या भागावर) किंचाळू लागते आणि तिचा थर तपकिरी भुकटी होऊन सुटतो, आणि त्याबरोबर आवाजही जातो. अशा स्पूलला आम्ही सुमारे ५० अंश सेल्सिअस तापमानात कित्येक तास नियंत्रित ऊब देतो. त्याहून जुन्या अ‍ॅसिटेट (एक प्रकारचे प्लॅस्टिक) फितीला मात्र, जिला व्हिनेगरसारखा वास येतो, ही ऊब घातक असते, म्हणून घरच्या ओव्हनमध्ये असे प्रयोग करू नयेत.

घरगुती यंत्राचा वेग नेहमीच बरोबर असायचा असे नाही. सेल उतरलेल्या रेकॉर्डरवर फीत हळू फिरलेली असते, त्यामुळे योग्य वेगाच्या यंत्रावर आवाज चढ्या पट्टीत ऐकू येतो. रेकॉर्डर विजेवर चालवलेला असेल, तर मागे उरलेली विजेची गुणगुण ५० किंवा ६० हर्ट्झची असल्याचे गृहीत धरून मूळ वेग बराच अचूक काढता येतो. खरखर काढण्याच्या घाईत हीच गुणगुण आधी पुसली, तर तो पुरावाच उरत नाही.

याच कारणाने पहिली प्रत आम्ही कोणतीही सफाई न करता ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या (म्हणजे आवाजाचा बारीक तपशील टिपणाऱ्या) फाइलमध्ये घेतो आणि सफाई दुसऱ्या प्रतीवर करतो. आज न जमणारी सफाई पुढे जमू शकते : 'बीटल्स' या ब्रिटिश वाद्यवृंदातील जॉन लेनन यांनी १९७० च्या दशकात घरी पियानोवर म्हणून कॅसेटवर ठेवलेल्या एका गाण्यावर १९९५ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतलेले काम अर्धवट राहिले; त्यातला आवाज पियानोपासून स्वच्छ वेगळा करण्याचे तंत्र पुढे आले आणि ते गाणे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

फीत घरात असली म्हणजे तिच्यातील प्रत्येक आवाजाचा हक्क घराकडे असतोच असे नाही. साथीदार, रचनाकार, गप्पा मारणारे पाहुणे यांचाही त्यात वाटा असू शकतो, आणि याबाबतचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. प्रसिद्धीचा विचार असल्यास वकिलाचा सल्ला घ्यावा. आमच्यापुरते सांगायचे, तर काम सोपवताना सर्व वारसांची लेखी संमती आणि फाइली कोणाकडे द्यायच्या त्या व्यक्तीचे नाव आवश्यक आहे. कोणताही खासगी भाग वगळायचा असल्यास तो ऐकून ठरवण्याचे काम कुटुंबीयांनीच करावे. आमचे तंत्रज्ञ केवळ त्यांनी दिलेल्या वेळेच्या नोंदींनुसार कापतील.