जन्मानंतरचे पहिले चोवीस तास : कावीळ ‘ब’च्या मात्रेमागचा इतिहास

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात नवजात बाळासाठी तीन लसी सांगितलेल्या आहेत. त्यांपैकी बीसीजी पहिल्या वर्षभरात केव्हाही देता येते आणि पोलिओची शून्य मात्रा पंधरा दिवसांपर्यंत चालते. कावीळ ‘ब’ची, म्हणजे हिपॅटायटिस बीची, जन्मतःची मात्रा मात्र चोवीस तासांच्या आतच टोचावी लागते. ही मुदत प्रशासनाने सोयीसाठी ठरवलेली नाही. आईकडून बाळाकडे हा विषाणू नेमका कोणत्या घटकेला जातो, या प्रश्नाच्या उत्तरातून ती आली आहे, आणि ते उत्तर मिळायला विसाव्या शतकाची सत्तरी उजाडावी लागली.

त्याआधी बराच काळ हा आजार सुईचा आणि रक्ताचा मानला जात होता. १८८३ साली जर्मनीतील ब्रेमेन येथे मानवी लसिकेपासून (आधी लस टोचलेल्या माणसाच्या फोडातील द्रवापासून) बनवलेली देवीची लस टोचलेल्या जहाजबांधणी कामगारांमध्ये काविळीची साथ उद्भवली. १९४२ मध्ये अमेरिकी सैनिकांना पीतज्वराची लस देण्यात आली. तिच्यात मानवी रक्तजल वापरलेले असल्याने पुन्हा तेच मोठ्या प्रमाणावर घडले. दूषित अन्नपाण्यातून होणारी कावीळ वेगळी आणि रक्तातून पसरणारी वेगळी, हे ओळखून ब्रिटिश वैद्य मॅककॅलम यांनी १९४७ मध्ये त्यांना ‘ए’ आणि ‘बी’ अशी नावे सुचवली. तरीही ‘बी’चा रुग्ण म्हटला की डोळ्यांसमोर येई तो रक्त चढवलेला किंवा इंजेक्शन घेतलेला प्रौढ माणूस.

विषाणूचा पहिला ठोस पुरावा हाती आला तो कावीळ न शोधणाऱ्या माणसाच्या. बरूच ब्लमबर्ग हे माणसामाणसांतील रक्तप्रथिनांचे आनुवंशिक फरक अभ्यासत होते. वारंवार रक्त चढवून घेतलेल्या एका हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णाच्या रक्तजलाची एका ऑस्ट्रेलियन आदिवासी व्यक्तीच्या रक्तजलाशी प्रतिक्रिया झाली. त्यातून सापडलेल्या प्रथिनाला ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ (प्रतिजन म्हणजे शरीर परका म्हणून ओळखते तो घटक) हे नाव पडले आणि १९६५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. हे प्रथिन कावीळ ‘ब’च्या विषाणूचेच बाह्य आवरण आहे, हे पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झाले. या कामासाठी ब्लमबर्ग यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. व्यवहारात या शोधाचे पहिले फळ रक्तपेढ्यांच्या पदरात पडले, कारण आता दात्याचे रक्त तपासता येऊ लागले. पण त्याच चाचणीने गरोदर स्त्रीचे रक्तही तपासता येणार होते, आणि प्रसूतीच्या संदर्भातला इतिहास तेथून सुरू होतो.

युरोप-अमेरिकेतील सुरुवातीची निरीक्षणे काहीशी दिशाभूल करणारी होती. तेथे कायमस्वरूपी वाहक, म्हणजे आजारी न दिसता विषाणू रक्तात बाळगणाऱ्या, स्त्रिया मुळात थोड्या होत्या, आणि ज्या होत्या त्यांच्या बाळांना लागण क्वचितच होताना दिसे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत किंवा बाळंतपणाच्या सुमारास आईला तीव्र कावीळ झाली, तर मात्र बाळाला धोका असतो, असे चित्र उभे राहिले होते. पूर्व आशियातील परिस्थिती त्यात बसत नव्हती. तैवानमध्ये प्रौढ लोकसंख्येपैकी सुमारे १५ ते २० टक्के लोक वाहक होते. एवढ्या सर्वांनी रक्त चढवून घेतले होते किंवा दूषित सुया टोचून घेतल्या होत्या, असे मानणे कठीण होते.

तैवानमध्ये काम करणारे अमेरिकी साथरोगतज्ज्ञ पामर बीस्ली, क्लॅड स्टीव्हन्स आणि त्यांच्या तैवानी सहकाऱ्यांनी वाहक मातांच्या बाळांचा पाठपुरावा केला आणि १९७५ मध्ये निष्कर्ष मांडले. अशा सुमारे ४० टक्के बाळांच्या रक्तात पहिल्या सहा महिन्यांतच प्रतिजन दिसू लागला होता. संख्येपेक्षाही बोलके होते ते वेळेचे गणित. बहुतेक बाळांचे रक्त जन्मवेळी निर्दोष असे आणि प्रतिजन उगवे तो काही आठवड्यांनंतर, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. या विषाणूचा अधिशयनकाळ, म्हणजे लागण झाल्यापासून ती दिसेपर्यंतचा काळ, साधारण तेवढाच असतो. याचा अर्थ लागण गर्भाशयात महिनोन्‌महिने चालू नव्हती. ती प्रसूतीच्या वेळी, आईच्या रक्ताशी व स्रावांशी बाळाचा संपर्क येत असताना होत होती. गर्भातच लागण झालेली बाळे असतात, पण थोडी. स्तनपान हा मार्ग असल्याची शंकाही याच गटाने त्याच वर्षी तपासली. अंगावर पाजलेल्या आणि न पाजलेल्या बाळांत फरक आढळला नाही. वाहक आईने बाळाला पाजू नये, असा सल्ला घरोघरी अजूनही दिला जातो, म्हणून पन्नास वर्षांपूर्वीच्या या निष्कर्षाची आठवण येथे मुद्दाम करून द्यावीशी वाटते.

काही वाहक मातांची बाळे सुटतात आणि काहींची जवळपास सगळीच सापडतात, असे का, याचा उलगडा ‘ई’ प्रतिजनाने केला. याच विषाणूचा हा दुसरा प्रतिजन १९७२ मध्ये स्वीडनमध्ये सापडला होता. तो रक्तात असणे म्हणजे विषाणूची वाढ जोमात असणे. ‘ई’ प्रतिजन असलेल्या मातांच्या बाळांना लागण होते आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडे (शरीराने तयार केलेली संरक्षक प्रथिने) असलेल्या मातांच्या बाळांना सहसा होत नाही, हे जपानमधील ओकादा व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवले. पूर्व आशियातील तरुण वाहक स्त्रियांमध्ये ‘ई’ प्रतिजनाचे प्रमाण मोठे होते, पाश्चात्त्य देशांत कमी. दोन्हीकडची निरीक्षणे आपापल्या जागी खरी का होती, ते यामुळे कळले.

जन्मवेळची लागण इतकी गंभीर का, याचे कारण विषाणूपेक्षा बाळाच्या अपक्व प्रतिकारशक्तीत अधिक आहे. प्रौढ माणसाचे शरीर या विषाणूशी झगडते. अशा वेळी कावीळ होते, पण ९५ टक्क्यांहून अधिक जण त्यातून मोकळे होतात. नवजात बाळाचे शरीर त्याला परका म्हणून ओळखतच नाही, त्यामुळे कावीळ होत नाही, ताप येत नाही, आणि सुमारे ९० टक्के बाळे आयुष्यभराची वाहक बनतात. आपल्याकडे कावीळ उतरवून देणाऱ्यांची कीर्ती टिकते ती बहुधा आपोआप बऱ्या होणाऱ्या काविळीच्या जोरावर. वाहक आई आणि वाहक बाळ यांच्याबाबत उतरवण्यासारखे काही दिसतच नसते. त्याची किंमत पुढे चाळिशी-पन्नाशीत चुकवावी लागते. बीस्ली यांनी तैवानमधील २२,७०७ पुरुषांचा पाठपुरावा करून १९८१ मध्ये दाखवले, की वाहकांना यकृताचा कर्करोग होण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत दोनशेपटींहून अधिक असते.

उपायाचा शोध याच सुमारास चालला होता. बाळाला जन्मताच तयार प्रतिपिंडे, म्हणजे हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, टोचण्याची चाचणी तैवानमध्ये ‘ई’ प्रतिजन असलेल्या मातांच्या बाळांवर झाली. काहीच संरक्षण न मिळालेल्या गटात दहापैकी नऊ बाळे वाहक झाली. सहा महिन्यांत तीन मात्रा मिळालेल्या गटात हे प्रमाण सुमारे चतुर्थांशावर आले. मात्र तयार प्रतिपिंडांचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो. १९८१ मध्ये वाहकांच्या रक्तद्रवापासून बनवलेली लस अमेरिकेत मान्य झाली आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस व प्रतिपिंडे एकत्र दिल्यास संरक्षण ९० टक्क्यांच्या पुढे जाते, हे सिद्ध झाले. जुलै १९८४ मध्ये तैवानने वाहक मातांच्या बाळांपासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि दोन वर्षांनी तो सर्व नवजात बाळांना लागू केला. १९९७ मध्ये चँग मेइ-ह्वेइ व सहकाऱ्यांनी त्याचा परिणाम मांडला : ६ ते १४ वर्षांच्या मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण दर लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर आले होते. लसीने कर्करोग टळतो, याचा लोकसंख्येच्या पातळीवरचा हा पहिला पुरावा.

अमेरिकेचा मार्ग वेगळा होता. तेथे १९८४ मध्ये केवळ ‘जोखमीच्या’ गरोदर स्त्रियांची तपासणी सुचवण्यात आली. जोखीम विचारून ठरवण्यात वाहक स्त्रियांचा मोठा हिस्सा निसटत असल्याने १९८८ मध्ये सर्वच गरोदर स्त्रियांची तपासणी आणि १९९१ मध्ये सर्व बाळांना लस असे धोरण आले.

भारतात लस परवडणे हाच पहिला अडसर होता. आयात लशीची एक मात्रा शेकडो रुपयांना पडे. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने यीस्टमध्ये तयार केलेली स्वदेशी लस बाजारात आणली आणि पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसह इतर उत्पादकही उतरल्याने किंमत झपाट्याने खाली आली. सार्वत्रिक लसीकरणात ही लस २००२-०३ मध्ये मोजक्या शहरांत व जिल्ह्यांत आली आणि २०११ मध्ये देशभर पोहोचली. पुढचे डोस आता सहा, दहा व चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरच्या एकत्रित) लशीतून मिळतात. पण त्या डोसांनी जन्मवेळची लागण अडत नाही, कारण सहाव्या आठवड्यापर्यंत विषाणूने यकृतात घर केलेले असते.

म्हणून भारतातील खरा प्रश्न लशीपेक्षा बाळंतपण कोठे होते, हा होता. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सुमारे ३९ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे ६५ टक्के प्रसूती संस्थांमध्ये होत होत्या. घरी जन्मलेल्या बाळापर्यंत शीतपेटीतली लस एका दिवसात पोहोचणे जवळजवळ अशक्यच. २०१९-२१ पर्यंत हे आकडे अनुक्रमे सुमारे ८९ आणि ९५ टक्क्यांवर गेले. जन्मतःच्या मात्रेला वाट मिळाली ती यकृतरोगतज्ज्ञांच्या प्रयत्नांइतकीच संस्थात्मक प्रसूतीच्या योजनांमुळे आणि आशा सेविकांमुळे, हे श्रेय नोंदवले पाहिजे. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. ही तारीख ब्लमबर्ग यांच्या जन्मदिनाची आहे.

लस आणि प्रतिपिंडे वेळेवर देऊनही रक्तात विषाणू फार असलेल्या काही मातांच्या बाळांना लागण होते. त्यासाठी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा मातांना गरोदरपणाच्या २८ व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिर ही गोळी देण्याची शिफारस केली. विषाणूचे प्रमाण मोजणारी चाचणी अनेक ठिकाणी मिळत नसल्याने, ती सोय नसेल तेथे सर्वच वाहक गरोदर स्त्रियांना ही गोळी देण्याचा पर्याय २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी खुला केला. त्याच वर्षीच्या संघटनेच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगातील ४५ टक्के नवजात बाळांनाच जन्मतःची मात्रा मिळाली होती. आफ्रिका विभागात हे प्रमाण १८ टक्के होते.