रे-ध वर्ज्य

घरात पेटी असेल तर काढा. नसेल तर फोनवरचा कीबोर्डही चालेल. पांढरी एकला (म्हणजे C ला) सा धरा आणि काळ्या पट्ट्यांना हात न लावता सा, ग, म, प, नी, सां असे वर जा, तसेच खाली या. रे आणि ध वगळायचे. हिंदुस्तानी संगीत ऐकणाऱ्याला यात तिलंग रागाचा आरोह, म्हणजे चढता क्रम, सापडेल. उतरताना तिलंग कोमल निषाद (किंचित उतरलेला नी) घेतो, इथे मात्र तो घ्यायचा नाही. कर्नाटक संगीत ऐकणारा थेट ‘गंभीरनाट’ राग म्हणेल. आणि ओकिनावाचा माणूस म्हणेल, ही तर आमची गाणी.

जपानचं क्युशू बेट आणि तैवान यांच्या मधल्या समुद्रात बेटांची एक लांबलचक माळ आहे, ओकिनावा हे त्यातलंच. 1429 ते 1879 या काळात तिथे र्‍युक्यू नावाचं राज्य होतं. ते जपानने खालसा केलं. 1945च्या लढाईत ओकिनावा बेचिराख झालं आणि त्यानंतर 15 मे 1972पर्यंत तिथे अमेरिकेची सत्ता होती. कादेना या अमेरिकेच्या मोठ्या हवाई तळाला लागून कोझा नावाचं गाव वाढलं (1974पासून ते ओकिनावा शहराचा भाग आहे). गावात संध्याकाळी एका गल्लीत अमेरिकी सैनिकांसाठी रॉक वाजायचं, तर दुसऱ्या गल्लीत लोकगीतं रंगायची. लोकगायक किना शोएई यांचा मुलगा शोकिची याच गावात 1948 साली जन्मला. 1977 साली त्याचा आणि त्याच्या चाम्पुरूझ या बँडचा पहिला अल्बम आला. नाव साधंच होतं, ‘किना शोकिची आणि चाम्पुरूझ’. त्यात एका बाजूला तीन तारांचं सानशिन आणि बेटावरचे आरोळीचे ठेके, तर दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम.

चाम्पुरू म्हणजे कढईत जे असेल ते एकत्र परतून केलेली भाजी. तिथला सगळ्यात प्रसिद्ध चाम्पुरू कारल्याचा: कारलं, टोफू, अंडं. कारल्याला मीठ लावून थोडा वेळ ठेवतात, पण कडूपणा पुरता घालवत नाहीत. बँडला हे नाव फार नेमकं शोभतं. कारण प्रश्न तोच आहे: लोकगीत पॉपच्या कढईत टाकलं तर त्याचा कडूपणा कितपत उरतो? उत्तराचा बराचसा भाग गणितात आणि भौतिकशास्त्रात आहे.

आधी स्वर बघू. सा 240 हर्ट्झला धरला तर शुद्ध गुणोत्तरांनी ग 300वर येतो, म 320, प 360, नी 450 आणि वरचा सा 480वर. अंतरं बघा. सा ते ग मोठी उडी, पियानोच्या भाषेत चार अर्धस्वर (काळ्या-पांढऱ्या धरून शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर). ग ते म जेमतेम एक. मग दोन. पुन्हा चार, पुन्हा एक. 4-1-2-4-1. जगात पाच स्वरांची सप्तकं (इथे सप्तक म्हणजे स्वरांचा ठरलेला संच) पुष्कळ आहेत, पण बहुतेकांत अर्धस्वराची चिकटलेली जोडी नसते. भूप राग घ्या. म-नी वर्ज्य, त्यामुळे सगळे स्वर एकमेकांपासून सुरक्षित अंतरावर. जपानमध्ये मेइजी काळापासूनच्या शाळेतल्या गाण्यांचं नेहमीचं सप्तक भूपाचंच आहे. त्याला ते ‘योनानुकी’ म्हणतात, म्हणजे चौथा आणि सातवा गाळलेलं. ओकिनावाच्या सप्तकाला ‘निरोनुकी’ म्हणतात, दुसरा आणि सहावा गाळलेलं. आपण ज्याला ‘वर्ज्य’ म्हणतो तोच हिशेब त्यांनी आकड्यांत मांडला आहे.

पण मला खरी गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची. जपानच्या मुख्य बेटांवर शामिसेन आणि कोतो या वाद्यांच्या संगीतात आणखी एक पाच स्वरांचं सप्तक भेटतं: मियाकोबुशी. (मियाको म्हणजे राजधानी, क्योतो. ओकिनावाजवळच्या मियाको बेटाशी त्याचा संबंध नाही. पुष्कळ जण इथे फसतात.) पेटीवर सा बदलून पांढरी तीनला न्या आणि पांढऱ्या पट्ट्यांवरच तीन, चार, सहा, सात, वरची एक, वरची तीन असं वाजवा. सा, कोमल रे, म, प, कोमल ध, सां. हे तर गुणक्री रागाचे स्वर! अंतरं 1-4-2-1-4. आता ओकिनावाच्या सप्तकात वरच्या सा पासून खाली उतरा आणि अंतरं मोजा: 1-4-2-1-4. म्हणजे एकाचा उतार हा दुसऱ्याचा चढ आहे. क्योतो-तोक्योचं आणि ओकिनावाचं सप्तक ही अक्षरशः आरशातली जोडी. जपानी संगीतशास्त्रज्ञ कोइझुमी फुमिओ यांनी 1958 साली जपानी सप्तकांची चार घटकांत मांडणी केली, तेव्हा त्यांच्या तक्त्यात हे दोन घटक असेच एकमेकांचे उलटे बसले. एकात आधी मोठी उडी आणि मग अर्धस्वर, दुसऱ्यात आधी अर्धस्वर आणि मग उडी.

हे सप्तक सगळ्या बेटमाळेवर सारखं पसरलेलं नाही. उत्तरेला ते साधारण ओकिनोएराबु बेटापर्यंत आढळतं. त्याच्या पलीकडच्या अमामी ओशिमावर गेलं की गाण्यांचे स्वर मुख्य बेटांसारखे होतात. भाषेची सीमा असते तशी ही स्वरांची सीमा, आणि तीही समुद्रातली. बालीच्या गामेलान या वाद्यवृंदातल्या पेलोग सप्तकाची ठेवणही याच्या जवळपास जाते. म्हणून काही अभ्यासकांनी हे स्वर दक्षिणेकडून आले असावेत असा तर्क केला. मोहक तर्क आहे, पण पेलोगचे स्वर प्रत्येक गामेलानमध्ये थोडे वेगळे जुळवलेले असतात, त्यामुळे नुसत्या साम्यावर नातं जोडायला मी तरी धजणार नाही. नाहीतर तिलंगही त्याच बोटीतून आला म्हणावं लागेल.

आता पॉपकडे. पाश्चात्त्य पॉपचं घर तीन कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या तीन-तीन स्वरांच्या, खांबांवर उभं असतं: सा-ग-प, म-ध-सां आणि प-नी-रें. पहिला खांब ओकिनावाच्या स्वरांत पूर्ण मिळतो. दुसऱ्यातला ध नाही. तिसऱ्यातला रे नाही. गाळलेले दोन स्वर नेमके उरलेल्या दोन खांबांतले! त्यामुळे गिटारवाल्याने सवयीने तिन्ही कॉर्ड वाजवले की सप्तकात नसलेले दोन्ही स्वर मागच्या दाराने आत येतात आणि सगळं मिळून सातही शुद्ध स्वरांचा साधा बिलावल होतो. गायिकेने किंवा गायकाने चालीत रे-ध पाळले, तर ओकिनावा टिकतं. चालीतही ते स्वर सटकले, तर उरतं ते समुद्राचं चित्र छापलेलं कोणतंही पॉप गाणं. दुसरा मार्ग म्हणजे कॉर्ड जवळजवळ बदलायचेच नाहीत. बास आणि गिटारने सा-प धरून एकच आवर्तन फिरवत राहायचं आणि वर चाल मोकळी सोडायची. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानांना हा मार्ग ओळखीचा वाटेल.

दुसरी अडचण वाद्याची. सानशिन चिनी सानशिएनचा वंशज. ते सोळाव्या शतकात ओकिनावातून ओसाकाजवळच्या बंदरात पोहोचलं आणि तिथे त्याचं शामिसेन झालं. जाताना कातडं बदललं: ओकिनावात अजगराचं, जपानात मांजराचं किंवा कुत्र्याचं. गंमत अशी की एवढे मोठे अजगर ओकिनावात नसतातच, कातडं बाहेरून आणावं लागतं. आता बरीच वाद्यं कृत्रिम कातड्याची असतात. दांड्याला गिटारसारखे पडदे नाहीत. तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीला तिथे ‘उमा’ म्हणतात, म्हणजे घोडा. आपण तंबोऱ्यावर घोडी म्हणतो. हजारो किलोमीटरांवरच्या दोन कारागिरांना तारांखालचा तो लहानसा तुकडा पाहून एकच जनावर सुचावं!

या घोड्यामुळेच आवाजाचं गणित ठरतं. तार छेडली की तिच्यात ठरावीक ऊर्जा भरली जाते. ती हवेत जायला मोठा पृष्ठभाग लागतो. गिटारमध्ये तो लाकडी फळीचा असतो. फळी जड आणि ताठ, म्हणून तारेकडून ऊर्जा हळूहळू घेते आणि स्वर लांबतो. ताणलेलं कातडं हलकं. ते ऊर्जा झटक्यात घेतं आणि झटक्यात उधळतं. म्हणून सानशिनचा स्वर टणकन उमटतो आणि लगेच विरतो.

एकट्या चामड्याचा विचार केला तर त्याच्या कंपनांची पटं 1, 1.59, 2.14, 2.30 अशी वेडीवाकडी असतात. म्हणून साध्या ढोलाला पक्का स्वर नसतो. मृदंगाला तो शाईमुळे (चामड्यावरच्या काळ्या लेपामुळे) मिळतो, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 साली दाखवलं. सानशिनला शाईची गरज पडत नाही. तिथे चामड्याला हुकूम तारेचा, आणि तारेची कंपनं 1, 2, 3, 4 अशी सरळ पटीत असतात. चामडं फक्त तो हुकूम मोठ्याने वाचून दाखवतं, आणि थोडासा स्वतःचा घोगरेपणा घालतं.

स्वर लवकर विरतो याचा या सप्तकाला मोठा उपयोग होतो. ग 300 आणि म 320 हे एकाच वेळी वाजले तर सेकंदाला 20 स्पंदांची खरखर होते, जी कानाला खुपते. सानशिनवर म वाजेपर्यंत ग बराचसा मावळलेला असतो, म्हणून ती चिकटलेली जोडी टोचत नाही, नुसती चमकून जाते. याच चालीखाली सिंथेसायझरचा लांब धरलेला ग ठेवला, तर प्रत्येक म त्याच्यावर घासतो. शिवाय सिंथेसायझरचा ग 300 नसून 302.4 असतो, कारण त्याचं सप्तक बारा समान भागांत कापलेलं आहे. पडदे नसलेल्या दांड्यावर हा फरक बोटाने भरून काढता येतो, पण त्यासाठी वादकाचा कान जागा लागतो. आणि स्टेजवर ड्रमच्या शेजारी मायक्रोफोन लावला की तेच ताणलेलं कातडं आजूबाजूचा सगळा आवाज पकडतं आणि स्पीकर शीळ घालू लागतो. ओकिनावा आणि पॉप एकत्र करणाऱ्या ध्वनिमुद्रणात अभियंत्याचं निम्मं काम या कातड्याला सांभाळण्याचं असतं, असं म्हटलं तरी चालेल.

1945च्या निर्वासित छावण्यांत कातडं नव्हतं, वाद्याजोगं लाकूडही नव्हतं. लोकांनी रिकाम्या डब्याचं पोट, खाटेच्या लाकडाचा दांडा आणि पॅराशूटच्या दोरांच्या तारा करून सानशिन बनवली. त्यांना ‘कानकारा सानशिन’ म्हणतात, आणि ती आजही शाळांमध्ये बनवतात. पत्र्याचा आवाज कर्कश असतो, पण स्वर तेच लागतात.

पहिल्या अल्बमच्या केंद्रस्थानी असलेलं गाणं म्हणजे ‘हायसाई ओजिसान’. शोकिचीने ते शाळकरी वयात रचलं होतं. ‘हायसाई’ म्हणजे ओकिनावाच्या पुरुषांचा नमस्कार. बायका ‘हायताई’ म्हणतात, आणि हे वाचून हसू आलं नाही असा मराठी माणूस विरळा. गाण्यात एक पोरगा शेजारच्या म्हाताऱ्याकडे काल रात्रीची उरलेली दारू मागतो आणि दोघांची चकमक उडते. ठेका दुडक्या चालीचा, लांब-आखूड लांब-आखूड. बसून ऐकणं कठीण जातं. पण शोकिचीने नंतर सांगितलं की तो म्हातारा खरा होता. त्याच्या घरात भयंकर अघटित घडलं होतं, गावाने त्याला वाळीत टाकलं होतं, आणि दारूसाठी तो किनांच्या घरी येत असे.

ऐकणाऱ्याला हे स्वर आनंदी वाटतात. मग ते आनंदी आहेत, हे कोणी ठरवलं? बाल्कविल आणि थॉम्पसन या संशोधकांनी 1999 साली पाश्चात्त्य श्रोत्यांना हिंदुस्तानी राग ऐकवले. रागांची काहीही ओळख नसताना त्यांनी आनंद, दुःख आणि संताप हे भाव बऱ्यापैकी ओळखले. 2004 साली जपानी श्रोत्यांवर तसाच प्रयोग झाला. जपानी, पाश्चात्त्य आणि हिंदुस्तानी अशा तिन्ही संगीतांत त्यांनाही ते जमलं. श्रोत्यांचा कौल लय, आवाजाची पातळी आणि चालीची गुंतागुंत यांच्याशी जुळत होता. म्हणजे स्वरांइतकाच, कदाचित जास्तच, वेग बोलतो. ‘हायसाई ओजिसान’ निम्म्या लयीत गुणगुणून पाहा. त्याच पाच स्वरांतून तो म्हातारा दाराशी येऊन उभा राहतो.

आज हे गाणं सगळ्यात मोठ्याने वाजतं ते जपानच्या कोशिएन स्टेडियममध्ये, शाळांच्या बेसबॉल स्पर्धेत, ओकिनावाचा संघ खेळत असताना. 2010 साली ओकिनावाच्या कोनान शाळेने वसंत आणि उन्हाळी अशा दोन्ही स्पर्धा जिंकल्या. त्याच उन्हाळ्यात आक्षेप निघाला, की दारुड्या म्हाताऱ्याचं गाणं पोरांच्या खेळात शोभत नाही. काही दिवस ते बंद झालं, आणि मग लोकांच्या मागणीने परत आलं. गाणं वाजवत होता तो मात्र ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनचा बँड. सानशिन नाही, अजगराचं कातडं नाही, शब्द तर नाहीतच. फक्त सा, ग, म, प, नी.